अंडी हवीत की आई हवी? कोंबड्यांच्या जातींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की घरी चार कोंबड्या पाळायच्या असतील तर खुराडं बांधायच्या आधी जात ठरवा, उलटं करू नका. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की आजचा सगळा कोपरा कोंबड्यांनाच देऊन टाकलाय. निम्म्या लोकांनी ‘सगळ्यात चांगली जात कोणती’ हेच विचारलंय, त्यामुळे त्या सगळ्यांचं मिळून एकच उत्तर आधी देतेय, आणि ते लांबलंय, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न: ताई, घरामागे छोटं अंगण आहे, घरात चार माणसं. रोजची अंडी घरची व्हावीत एवढीच इच्छा. नेटवर शोधलं तर पंचवीस जाती समोर आल्या आणि डोकं गरगरलं. सगळ्यात चांगली जात कोणती ते एका शब्दात सांगा ना.

एका शब्दात सांगायचं तर ‘नाही’. म्हणजे सगळ्यात चांगली अशी जातच नाही, आणि जो आहे म्हणतो त्याच्याकडे त्याच जातीची पिल्लं विकायला असतात.

असं बघा, कोंबडी दिवसभरात जे खाते ते कुठेतरी जाणार ना? एकतर अंड्यात जाईल, नाहीतर अंगावर चढेल, नाहीतर पिसं आणि पिल्लं यात जाईल. लेगहॉर्न नावाची ती पांढरी, लाल तुऱ्याची, कायम घाईत असल्यासारखी कोंबडी असते ना, तिचं वजन जेमतेम २ किलो, खाते दिवसाला १०० ते ११० ग्रॅम आणि त्यातलं जमेल तेवढं अंड्यात घालते. चांगल्या वाणाची लेगहॉर्न वर्षाला २८० च्या पुढे अंडी देते. पण तिला अंड्यावर बसायचं विचारू नका, उबवायची आठवणच तिच्या रक्तातून गेलीय, आणि हात लावायला गेलात तर ती कुंपणावर असते. दुसऱ्या टोकाला ब्रह्मा. पायावर पिसं, चालणं एखाद्या जमीनदारासारखं, मादीच ४ किलोच्या वर भरते. शांत इतकी की लहान मूल तिला उचलून फिरवेल, पण एवढं धूड पोसायला खाद्य लागतं आणि अंडी मात्र लेगहॉर्नच्या निम्मी, आणि तीही सुरू व्हायला सात-आठ महिने लागू शकतात. म्हणजे तुम्ही जात निवडता तेव्हा खरं तर काय सोडायचं ते निवडत असता.

तुम्हाला अंडी हवीत, पिल्लं नकोत, जागा कमी आहे आणि पहिल्यांदाच पाळताय. मग मधल्या वजनाच्या, अंडी आणि मांस दोन्हीकडे चालणाऱ्या जाती बघा. ऱ्होड आयलंड रेड (सगळे आर.आय.आर. म्हणतात), ऑस्ट्रालॉर्प, प्लिमथ रॉक, ससेक्स. या कोंबड्या साधारण ३ किलोच्या आसपास असतात, तपकिरी अंडी देतात, माणसाला बुजत नाहीत आणि चांगल्या वाणाची असेल तर वर्षाला २०० ते २५० अंडी सहज. ऑस्ट्रालॉर्पची तर गोष्टच आहे, ऑस्ट्रेलियात काळ्या ऑर्पिंग्टनपासून ही जात तयार केली आणि १९२२-२३ साली तिथल्या एका स्पर्धेत सहा कोंबड्यांनी मिळून ३६५ दिवसांत १८५७ अंडी घातली, म्हणजे एकीची सरासरी ३०९.५, तेही जादा दिवे न लावता. आता हे वाचून लगेच ‘मला ३०९ पाहिजेत’ म्हणून बसू नका हं, त्या निवडक कोंबड्या होत्या.

आणि इथेच खरी मेख आहे. जातीचं नाव एकच असलं तरी वाण वेगळे असतात. प्रदर्शनात मिरवायला पिढ्यान्‌पिढ्या रंग आणि पिसं बघून वाढवलेली आर.आय.आर. दिसायला गडद, जवळजवळ काळपट लाल असते आणि अंडी बेताची देते, आणि अंड्यांसाठी निवडलेली आर.आय.आर. विटकरी रंगाची, दिसायला साधी, पण घरटं रिकामं ठेवत नाही. म्हणून विकणाऱ्याला जात नंतर विचारा, आधी विचारा की या पिल्लांच्या आया वर्षाला किती अंडी देतात. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर तुम्हीही दुसरीकडे बघा.

हिशोब सांगते. वर्षाला २५० म्हणजे आठवड्याला पाच. चार कोंबड्यांची झाली वीस, पण ती भरात असताना. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यामुळे आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊ-साडेनऊला, परवा अकराला, असं सरकत सरकत दुपार उलटते आणि मग ती एक दिवस सुट्टी घेते. बऱ्याच नव्या लोकांना वाटतं कोंबडी आजारी पडली. तसं नसतं, तिचं घड्याळच तसं आहे. शिवाय वर्षातून एकदा पिसं झडतात तेव्हा काही आठवडे अंडी बंद, दिवस लहान झाले की कमी, कारण भरपूर अंड्यांसाठी तिला १४ ते १६ तास उजेड लागतो. पहिली दोन वर्षं जोरात, नंतर दरवर्षी उतार. तेव्हा चार माणसांना चार कोंबड्या म्हणजे कधी वाटायला उरतील आणि कधी दुकानातून आणावी लागतील, हे धरूनच चाला.

जागा मोजून घ्या: आत खुराड्यात दर कोंबडीला ४ चौरस फूट, बाहेर फिरायला ८ ते १०. रात्री बसायला दांडीवर प्रत्येकीला ८ ते १० इंच. घरटं चारपाच जणींत एक पुरतं, तीन ठेवलीत तरी सगळ्या एकाच घरट्यासाठी रांग लावतात, ते वेगळं.

प्रश्न: कोंबडा ठेवावाच लागतो का? शेजारी आधीच कुरकुरतायत.

नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय तेवढीच अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पिल्लं काढायची नसतील तर कोंबडा म्हणजे पहाटे चारचा गजर, ज्याला बंद करायचं बटण नाही. ठेवायचाच झाला तर एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात, चारच असतील तर त्यांच्या पाठीवरची पिसं तो महिन्याभरात उडवतो.

प्रश्न: मी मागच्या वर्षी सहा पिल्लं ‘सगळ्या माद्या’ सांगून घेतली, चार नर निघाले. असं का होतं आणि कसं टाळायचं?

या, बसा शेजारी. माझी पहिली खेप अशीच होती. सहा घेतली होती, विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि अकराव्या आठवड्यात एका सकाळी माझी ‘राणी’ कुंपणावर चढली, मान ताणली आणि घशात खडा अडकल्यासारखा एक आवाज काढला. आरवायची पहिली तालीम होती ती. पुढच्या पंधरा दिवसांत अजून तिघांनी सूर लावला.

एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग बघून ओळखणं हे शिकलेल्या, सवयीच्या हाताचं काम आहे, ते लोकही क्वचित चुकतात. न निवडलेली पिल्लं घेतलीत तर निम्मे नर धरायचे, सरळ हिशोब. नको असेल तर दोन मार्ग. एक, पिल्लं न घेता तलंगा घ्या, म्हणजे अंड्यावर यायला आलेल्या चार-साडेचार महिन्यांच्या कोंबड्या, तोपर्यंत तुरा, शेपूट, चाल सगळं बोलायला लागतं. महाग पडतात पण फसगत होत नाही.

दुसरा मार्ग रंगावरून ओळखता येणाऱ्या संकराचा. आर.आय.आर.चा नर आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी रंगाचं जनुक असलेली मादी यांची पिल्लं निघाली की माद्या तांबूस आणि नर पिवळट पांढरे, अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या वेगळे दिसतात. आर.आय.आर.चा नर आणि पट्टेवाल्या प्लिमथ रॉकची मादी घेतली तर सगळी पिल्लं काळी, पण नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका. गंमत अशी की जोडी उलटी केली, म्हणजे पट्टेवाला नर आणि लाल मादी, की ही युक्ती चालत नाही, नर-मादी दोघांच्याही डोक्यावर ठिपका येतो. कारण ते जनुक लिंगाशी बांधलेल्या गुणसूत्रावर असतं आणि पक्ष्यांमध्ये मादी आपलं ते गुणसूत्र फक्त मुलांना देते, मुलींना नाही.

या संकरित कोंबड्या अंड्यांना जबरदस्त असतात. फक्त एक लक्षात असू द्या, त्यांच्या अंड्यातून पुढची पिढी काढलीत तर ती आईसारखी निघेलच असं नाही, रंगही मिसळतो आणि अंड्यांचा आकडाही घसरतो. दर वेळी नवी पिल्लं आणायची तयारी असेल तरच हा मार्ग.

प्रश्न: मला निळ्या अंड्यांची कोंबडी हवीय. अंड्याच्या रंगावरून पौष्टिकता कमीजास्त असते का?

पौष्टिकता कोंबडीच्या ताटलीत असते, कवचात नाही. हिरवा पाला, किडे, चांगलं खाद्य मिळालं तर बलक गडद होतो आणि चवही फरक दाखवते, मग कवच पांढरं असो की चॉकलेटी.

पण हौस म्हणून रंग बघणार असाल तर माझी काही हरकत नाही, टोपलीत चार रंगांची अंडी दिसली की मलाही अजून भारी वाटतं. अंडं सगळ्यांचं आधी पांढरंच असतं. तपकिरी अंड्याला तो रंग शेवटच्या काही तासांत वरून मारलेला असतो, म्हणून कवच फोडून आतून बघितलंत तर ते पांढरट दिसेल. निळ्या अंड्याचं तसं नाही, तो रंग कवच तयार होतानाच त्यात मुरतो, आतूनही निळंच. चिलीकडची अरौकाना ही त्यातली नावाजलेली जात, आणि तिच्याकडे हा रंग आला तो कधीकाळी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात घुसून बसला म्हणून, विश्वास बसत नाही पण असंच आहे. निळ्या कवचावर तपकिरी थर बसला की अंडं हिरवं दिसतं. मारां जातीची अंडी गडद चॉकलेटी असतात, तिचा आणि अरौकानाचा संकर केला की शेवाळी रंगाची अंडी मिळतात.

फक्त एक. गालाशी झुपके असलेली खरी अरौकाना घ्यायची म्हणत असाल तर पिल्लं काढताना त्रास होतो, झुपक्याचं जनुक दोन्हीकडून आलं की पिल्लू कवचातच मरतं. निळं अंडंच हवं असेल तर तिच्यापासून बनवलेले साधे संकर घ्या, अंडी जास्त आणि मनस्ताप कमी.

आणि ते ‘कानाची पाळी पांढरी तर अंडं पांढरं, लाल तर तपकिरी’ हे बऱ्याच जातींना लागू पडतं पण नियम नाही. सिल्कीची पाळी निळसर असते आणि अंडी फिक्कट बदामी.

प्रश्न: कडकनाथची अंडी काळी असतात हे खरं का?

नाही. कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, तुरा, सगळं काळं, पण अंडं फिक्कट बदामी. अंडं जास्तच काळं दिसलं तर कुणीतरी रंगवलंय. आणि ही जात वर्षाला साधारण शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमीच अंडी देते, स्वतः उबवायलाही फारशी बसत नाही, तेव्हा केवळ अंड्यांसाठी पाळणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळा फार कडक असतो. मागच्या वर्षी दोन ऑर्पिंग्टन दुपारी दुपारी गेल्या. आता कोणती जात घेऊ?

वाईट वाटलं वाचून. ऑर्पिंग्टनची चूक नाही, तुमचीही नाही, तिला रजई पांघरून उन्हात उभं केल्यासारखं झालं ते. इंग्लंडच्या थंडीत तयार झालेली जात, १८८६ च्या सुमाराची, पिसं इतकी दाट आणि फुगीर की कोंबडी आहे त्याच्या दीडपट दिसते. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या वर असतं, बाहेर ३० च्या पुढे गेलं की ती पंख अंगापासून लांब धरते, चोच उघडी टाकून धापा टाकते आणि तुऱ्यातून, गालाखालच्या लोंबत्या कातडीतून, उघड्या पायांतून उष्णता बाहेर टाकते.

त्यामुळे उन्हाळ्यासाठी जात बघताना तीन गोष्टी बघा, तुरा मोठा आहे का, अंग सडपातळ आहे का, पायावर पिसं नाहीत ना. लेगहॉर्न यात बसते. इजिप्तची फायूमी बसते, ती तर उन्हाला आणि रोगांनाही चिवट, लवकर अंड्यावर येते, पण अंडं लहान आणि स्वभाव तिखट, पकडायला गेलात तर अशी किंचाळते की शेजारी धावून येतील. आणि बोडक्या मानेची कोंबडी. दिसायला, खरं सांगू, पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं हिला काहीतरी रोग झालाय. पण ती मान एका जनुकामुळे तशी असते, त्याच जनुकामुळे अंगावरची पिसंही बरीच कमी असतात आणि उन्हात ती बाकीच्यांपेक्षा निवांत असते. गळ्याशी समोर पिसांचा छोटा झुपका असेल तर एकाच पालकाकडून ते जनुक आलंय, मान अगदी साफ असेल तर दोघांकडून.

उलट जिथे कडाक्याची थंडी पडते तिथे हाच मोठा तुरा गोठून काळा पडतो, तिथल्या लोकांनी वायनडॉटसारखी चपट्या तुऱ्याची किंवा ब्रह्मासारखी बारीक तुऱ्याची जात बघावी.

गावरान कोंबडीबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. ऊन, घार, मांजर, मुंगूस, सगळ्यांतून वाचायचं शिक्षण तिला आईकडून मिळालेलं असतं, आणि खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की पिल्लं स्वतः वाढवते, तुम्हाला बल्ब लावून बसावं लागत नाही. अंडी कमी. आणि कोंडून ठेवलेली तिला आवडत नाही, अंगण बंदिस्त आणि छोटं असेल तर ती एकतर झाडावर झोपेल नाहीतर शेजाऱ्यांच्या वाफ्यात सापडेल. मोकळी जागा असेल तर मी गावरानला कधीच नाही म्हणणार नाही.

जात कुठलीही घ्या, दुपारी सावली आणि गार पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीलाही जाते.

प्रश्न: हौसेने सहा वेगवेगळ्या जातींची एकेक कोंबडी घेतली. त्यातल्या डोक्यावर मोठा झुपका असलेल्या पोलिश कोंबडीला बाकीच्या टोचून टोचून टक्कल पाडतायत. काय करू?

सहा जातींची एकेक, हे मी पण केलंय म्हणून ओरडत नाही. फोटो छान येतात.

तुमच्या पोलिशचं दुखणं असं आहे की तिला दिसतच नाही. एकदा माझ्याकडच्या झुपकेवालीच्या बाजूला मी अर्धा तास नुसती बसून होते. समोरून दुसरी कोंबडी आली की बाकीच्या मान वाकवून बाजूला होत होत्या, ही आपली तिथेच, कारण झुपक्याखालून तिला फक्त जमीन दिसत होती. मग समोरचीला वाटतं ही मुद्दाम वाट अडवतेय, आणि टोच. दचकून ही दुसरीच्या अंगावर, तिची टोच. तिला ना कुणाचा मान राखता येत होता ना पळता येत होतं. आणि तो पांढरा झुपका हलला की बाकीच्यांना खेळणं वाटतं, एक पीस उपटलं, रक्त दिसलं, की सगळ्या तिथेच.

कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. श्येल्डरुप-एब्ब नावाच्या नॉर्वेच्या माणसाने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ती नीट मांडून दाखवली, आणि ते टोचायच्या क्रमाचं नाव पुढे माणसांच्या ऑफिसांनाही लागलं. उतरंड बसली की भांडणं कमी होतात, पण ती बसायला सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसायला हवेत ना.

आता उपाय. आधी तिला वेगळं काढा, जखमेवर पक्ष्यांना चालणारं जंतुनाशक लावा, जखम पूर्ण भरेपर्यंत परत सोडू नका. डोळ्यांवरची पिसं कात्रीने जपून छाटा किंवा झुपका वर बांधा, पहिल्या दिवशी ती वेड्यासारखी इकडेतिकडे बघत राहील, तिला जग नव्याने दिसत असतं. परत सोडताना एकटी सोडू नका, तिच्यासारखीच एखादी शांत जोडीदारीण बरोबर द्या. तेवढं करूनही टोचणं थांबलं नाही तर तिला शांत जातींच्या घरी द्या, सिल्की, कोचिन अशा. तुम्ही पाठवलेल्या यादीत आर.आय.आर. आणि असील दोन्ही आहेत, त्या तिला जगू देणार नाहीत. असील ही झुंजीसाठी घडवलेली जात, पिल्लांची आई म्हणून तिला तोड नाही, पण मिसळलेल्या थव्यात तिला ठेवायला अनुभव लागतो.

पुढच्या वेळी तीन-तीन अशा दोनच जाती घ्या, वजनाला आणि स्वभावाला जवळपासच्या. नव्या आणल्या की निदान तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या ठेवा, मग जाळीच्या पलीकडून ओळख, मग एकत्र. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस झालीय का ते घेतानाच विचारा.

प्रश्न: स्वस्तात मिळाली म्हणून ब्रॉयलरची पाच पिल्लं आणली, म्हटलं मोठी झाली की अंडी देतील. आता नऊ आठवड्यांची आहेत, चालता येत नाहीये.

ती अंड्यांसाठी नाहीतच हो. पाच-सहा आठवड्यांत २ किलो वजन व्हावं म्हणून निवडत आणलेला वाण आहे तो. हाडं आणि हृदय त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून पाय वाकतात, धाप लागते. सारखं भरलेलं भांडं समोर ठेवू नका, दिवसातून दोनदा मोजून द्या, खाणं आणि पाणी लांब लांब ठेवा म्हणजे चालतील, खाली जाड भुसा टाका. तरी फार वर्षं काढतील अशी आशा नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं. जी उभीच राहू शकत नाही तिला पशुवैद्याला दाखवा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न: माझ्या लेगहॉर्न कोंबड्या अंड्यावर बसतच नाहीत. पिल्लं हवीत. आणि बहिणीची ऑर्पिंग्टन उठतच नाही, तिचं काय करायचं?

दोघी बहिणींनी कोंबड्या बदलून बघा! गंमत नाही, खरंच सांगतेय. लेगहॉर्न बसणार नाही, पण फलित अंडी तिची आणि खुडूक कोंबडी दुसऱ्या जातीची, असं पूर्वीपासून चालत आलंय. सिल्की, कोचिन, ऑर्पिंग्टन, असील, गावरान, या बसणाऱ्या. रात्री अंधारात हळूच अंडी खाली सरकवा, सगळी एकाच दिवशी, म्हणजे २१ व्या दिवशी एकदम निघतील. अंडी मोजून, तिच्या पंखाखाली झाकली जातील तेवढीच.

बहिणीला पिल्लं नको असतील तर त्या ऑर्पिंग्टनला उठवायलाच हवं, खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, नीट खात नाही, बारीक होत जाते. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खालून हवा लागेल असं, तीनचार दिवस ठेवायचं, खाणंपाणी भरपूर, गवत-भुसा काही नाही. पोट गार झालं की डोक्यातलं खूळ उतरतं. उठवल्या उठवल्या अंडी सुरू होत नाहीत, दोन-तीन आठवडे द्या.

प्रश्न: मावशी, मी सहावीत आहे. मला सिल्की पाहिजे कारण ती सशासारखी दिसते. आई म्हणते अंडी देत नाही मग कशाला. तू आईला सांगशील का?

सांगते, पण आईचंही ऐकून घेते हं. सिल्की अंडी देते, फक्त कमी, वर्षाला साधारण शंभर, आणि लहान. मधेमधे खुडूक बसून सुट्ट्या घेते त्या वेगळ्या. पण मांडीवर बसते, उडून पळत नाही, कारण तिची पिसं एकमेकांत अडकत नाहीत, केसांसारखी मोकळी असतात, त्यांनी उडता येत नाही. पायाला चार नाही, पाच बोटं असतात, मोजून बघ. पिसांखाली कातडी काळी असते.

आता तुझी कामं. ती भिजली की लवकर सुकत नाही, त्यामुळे पाऊस आला की तिला आत घ्यायचं, शाळेतून आल्यावर नाही, तेव्हाच, म्हणजे घरात कोणीतरी असायला हवं. दांडीवर चढता येत नाही म्हणून तिची झोपायची जागा खाली. मोठ्या तापट कोंबड्यांबरोबर ठेवायची नाही. एकटी तर नाहीच, दोन किंवा तीन घ्याव्या लागतील, कोंबडीला एकटं राहवत नाही. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे आणि तिचा मुका घ्यायचा नाही, कितीही गोड दिसली तरी, पोटाचे रोग येतात त्यातून.

हे सगळं एका कागदावर लिहून आईला दाखव आणि खाली सही कर. नावं ठरवली असशील तर मला कळव, पण दोन्ही बाजूंनी चालतील अशीच ठेव, सिल्कीमध्ये कोंबडा की कोंबडी हे बऱ्याचदा पाच-सहा महिने कळत नाही, आणि माझ्या ‘राणी’चं काय झालं ते तू वर वाचलंसच.